गाडी दम घेते

१२ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी नऊला गाडी चालू करायला गेलो. झाली नाही. चावी फिरवली की नुसता टक् असा आवाज, पुढे काही नाही.

मुलाने, प्रेमने, पुण्याहून तीनदा फोन करून सांगितलं होतं — अण्णा, आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं चालू ठेवत जा, नाहीतर बॅटरी बसेल. बसली. छप्पन दिवस गाडीला हात लावला नव्हता. सतरा नोव्हेंबरला माधुरीला याच गाडीतून हिर्डोशीहून भोरला दवाखान्यात आणलं. तिथून प्रेमने गाडी घरी आणून लावली, तेव्हापासून ती तशीच आहे. वर धूळ, पुढच्या काचेवर चिंचेचा पाला.

डिकीत तांदळाचं पोतं आहे. माधुरीच्या बहिणीने, फुलाक्कांनी, त्या दिवशी दिलेलं. नवा तांदूळ. तेही काढलेलं नाही.

ही वही कचेरीतली. भाटघरच्या धरणावर एकतीस वर्षं पाण्याची पातळी लिहिली. निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले, एखादी कोरी वही न्या आठवण म्हणून. आणली. दोन वर्षं कोरीच होती. घरात आता बोलायला कोणी नाही, म्हणून आजपासून लिहितो.

१३ जानेवारी, सोमवार

गोरख फिटर आला. स्वतःच्या टेम्पोच्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करून दिली. "काय काका, गाडीपण तुमच्यासारखी रिटायर झाली काय?" म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. उगाच बोनेट पुसत बसला.

मी म्हटलं, हिच्यात दोष आहे. उभी राहिली की बंद पडते.

"काका, तो दोष नाही. न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद. क्लच दाबला की चालू. पेट्रोल वाचायला दिलंय. नको असेल तर हे गोल बाणाचं बटण दाबायचं."

ते मला माहीत आहे, मी म्हटलं. पाच महिने तशीच चालवली. पण एकदा क्लच दाबूनही चालू झाली नाही.

"बेल्ट काढला होता का?"

मी काचेवरचा चिंचेचा पाला काढू लागलो.

"बेल्ट काढला, नाहीतर दार उघडलं, की गाडीला वाटतं ड्रायव्हर उतरला. मग क्लच कितीही दाबा. ती चावीनेच चालू करायची. ते बघा, पुस्तकात लिहिलंय." समोरच्या कप्प्यातून त्याने पुस्तक काढून दाखवलं. मी कधी उघडलं नव्हतं.

चहा न घेताच गेला. गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणाला. जाताना सांगून गेला, बॅटरी पूर्ण भरेपर्यंत ते आपोआप बंद होणं चालणार नाही, आठ-पंधरा दिवस फिरवा.

बेल्ट काढला होता.

१५ जानेवारी, बुधवार

दोन दिवस पुस्तकाचं ते एकच पान वाचतो आहे. आता सगळं लिहून काढतो. लिहिल्याशिवाय हिशोब लागत नाही, ही कचेरीची सवय.

त्या दिवशी आम्ही फुलाक्कांकडे जेवायला गेलो होतो. भातकापणी झालेली. जेवण झालं, माधुरी म्हणाली पाठीत दुखतंय. फुलाक्का म्हणाल्या, वारं धरलं असेल, शेक घे. तीनच्या सुमाराला तिला घाम फुटला. मोबाईलला रेंज नव्हती, अॅम्ब्युलन्स बोलवणार कुठून. एसटी पाचला. मी तिला पुढे बसवलं आणि निघालो.

हिर्डोशी सोडून थोडं खाली आलो, तर वळणावर शेळ्या. पाऊणशे तरी असतील. रस्ताभर. मी थांबलो, न्यूट्रल केलं. इंजिन बंद झालं, नेहमीसारखं. माधुरी कण्हत होती. पाणी मागितलं. बाटली मागच्या सीटवर घरंगळली होती. हात पुरेना म्हणून बेल्ट काढला आणि मागे वळलो. काहीतरी टुंग-टुंग वाजलं, लक्ष दिलं नाही. बाटली सापडली नाही. शेळ्यांमागून एक बाई आली, तिने तिकडच्या खिडकीतून माधुरीला आपल्याजवळचं पाणी पाजलं. मी क्लच दाबला. चालू होईना. पुन्हा दाबला. पुन्हा. शेळ्या निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला, आणि मी खाली वाकून पायाकडे बघत क्लच दाबतो आहे. बोनेटसुद्धा उघडून बघितलं. पाच महिने क्लच दाबला की गाडी चालू व्हायची, त्यामुळे चावीकडे हातच गेला नाही. शेवटी शेळीवाला म्हणाला, "सायेब, चावी फिरवून तरी बघा की." फिरवली. पहिल्या झटक्यात चालू.

भोरला डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, गेलेल्या आहेत. थोडं आधी आणायला हवं होतं.

थोडं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आणि मी किती वेळ घालवला तेही मला माहीत नाही. एकतीस वर्षं रोज सकाळी आठला घड्याळ बघून पातळी लिहिली. त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही. दहा मिनिटं? वीस?

प्रेमला फक्त एवढंच माहीत आहे की वाटेत गाडी बंद पडली होती. तो समजतो गाडीचा दोष. परवापर्यंत मीही तेच समजत होतो.

१६ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट काल राहिली. गाडी चालू झाली तेव्हा माधुरीचं कण्हणं थांबलेलं होतं. मान खिडकीकडे टेकवून शांत बसली होती. मला वाटलं पाण्याने बरं वाटलं. तिथून भोरपर्यंत मी बोलत होतो. मी आयुष्यात कधी एवढं बोललो नसेन. आलंच भोर, म्हटलं. प्रेमसाठी किकवीची मुलगी सांगून आलीय ती बघून येऊ, म्हटलं. माधुरीचे वडील आजारी होते तेव्हा मी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. धरण भरत आलं होतं, घरी आईजवळ कोणी नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्या दिवशी गाडीत म्हटलं, ते माझं चुकलं.

ती काही बोलली नाही. ऐकत होती. तेवढं एक बरं झालं.

१९ जानेवारी, रविवार

गाडी किकवीपर्यंत नेऊन आणली. बेल्ट लावून. हायवेला चहा घेतला. टपरीवाल्याने विचारलं, एकटेच? हो म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

एसटी स्टँडसमोर शाळेची मुलं झेंडावंदन करून रस्ता ओलांडत होती. थांबलो. न्यूट्रल केलं. आणि इंजिन बंद झालं. बॅटरी भरली म्हणायची.

एकदम शांत झालं. मुलांच्या चपला ऐकू येत होत्या.

नवीन गाडी पहिल्यांदा अशी बंद झाली तेव्हा मी घाबरलो होतो. नसरापूरच्या फाट्यावर. प्रेमने फोनवर समजावलं. मी म्हटलं ते बटण दाबून ठेवू, नको ही भानगड. माधुरी म्हणाली, "राहू द्या हो. दम घेते बिचारी. तेवढंच शांत वाटतं." नंतर गाडी कुठेही थांबली आणि बंद झाली, की ही काहीतरी बोलायची. चालत्या गाडीत गप्प, आणि थांबलो की — भाजीवाली उठली वाटतं आज, किंवा, त्या पोराचा दप्तराचा बंद तुटलाय बघा. गाडी चालू झाली की पुन्हा गप्प. मी हं म्हणायचो.

मुलं गेली. मी थोडा वेळ थांबलो. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला. क्लच दाबला, चालू झाली. एक हात बेल्टवर होता.

त्या शेळीवाल्याला शोधायचं. किती वेळ गेला ते फक्त त्याला माहीत आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

हिर्डोशीला जाऊन आलो. अडीच महिन्यांनी तो रस्ता.

फुलाक्का दारातच रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "दाजी, लई वाळलात. भाकरी करता का न्हाई?" करतो म्हटलं. "खोटं नगा बोलू. हितं जेवून जावा." नाचणीची भाकरी आणि घेवड्याची भाजी खाल्ली. त्यांनी विचारलं, तांदूळ कसा हाय? चांगला आहे म्हटलं. पोतं डिकीतच आहे हे बोललो नाही.

शेळ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तो हैबती असंल. वरल्या वस्तीवरला. पर त्यो हल्ली ह्या रस्त्यानं शेरडं आणत न्हाई."

गाडी खाली लावून वस्तीपर्यंत चढलो. चार घरं. हैबती दारात दोर वळत बसला होता. पन्नाशीचा असेल. मला बघून उठून उभा राहिला. ओळखलं त्याने. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "बाई बऱ्या हायती न्हवं?"

नाहीत म्हटलं. त्याच दिवशी गेल्या.

तो खाली बसला. दोर हातातच.  मी विचारलं, त्या दिवशी माझी गाडी किती वेळ बंद होती?

"कुठं किती? रस्ता मोकळा झाला, म्या तंबाखू मळली, दाढंला धरली, तवर तुमी चालू केलीबी."

तंबाखू मळायला किती वेळ लागतो? मी खात नाही. त्याला मळून दाखवायला सांगितलं. त्याला ते विचित्र वाटलं असेल, पण त्याने मळली. मी घड्याळ धरलं. तीन मिनिटं आणि थोडी वर.

"येळ गेला त्यो शेरडांनी," तो म्हणाला. "ती काळी शेळी वाटंतच आडवी झाली, तिच्यापायी समदी थांबली. आमीच तुमाला आडवलं, सायेब. त्या दिसापास्नं माज्या मनात हाय, बाईंचं काय झालं आसंल. म्हणून म्या शेरडं वरल्या वाटनं काढतो. लांब पडतं, पर काढतो."

मला तिथेच म्हणायला हवं होतं — नाही हैबती, तुझ्या शेळ्यांनी नाही. मी बेल्ट काढला. मला चावी सुचली नाही.

म्हटलं नाही. चहा घेतला. निघताना त्याने गाडीपर्यंत सोबत केली. माधुरीला पाणी पाजणारी त्याची बायको धोंडाबाई शेळ्यांमागे गेली होती, तिची भेट झाली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

रात्री झोप लागली. सलग सात तास. तीनच मिनिटं!

संध्याकाळी प्रेमचा फोन. त्याला सांगितलं, हिर्डोशीला गेलो होतो, त्या शेळीवाल्याला भेटलो. शेळ्या रस्त्यात होत्या म्हणून थांबावं लागलं होतं.

"म्हणजे त्याच्यामुळे उशीर झाला म्हणा की. एवढा पेशंट गाडीत दिसतोय आणि याला जनावरं बाजूला घेता येत नाहीत? त्याला काही वाटतं तरी का?"

वाटतं, म्हटलं.

"वाटून काय उपयोग आता."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी त्याला थांबवलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी धुतली. डिकी उघडली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. भाकरी करपली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माघ पौर्णिमा. विहारात वंदनेला गेलो. माधुरीच्या पुण्यानुमोदनानंतर आजच.

पंचशील म्हणताना चौथ्याला माझा आवाज फुटेना. खोटं न बोलण्याचं. बाकीचे पुढे गेले, मी ओठ हलवत राहिलो. चाळीस वर्षं म्हणतो आहे, कधी अडलं नव्हतं.

शेजारी आमच्या आळीतल्या साधनाताई बसल्या होत्या. त्यांना वाटलं मला माधुरीची आठवण आली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, मन घट्ट करा." मी हो म्हटलं.

हैबतीशी मी खोटं बोललो नाही. फक्त गप्प बसलो. पण एक माणूस माझ्या गप्प बसण्यामुळे रोज लांबच्या वाटेने शेळ्या नेतो आहे. माधुरीला हे आवडलं नसतं. ती म्हणाली असती, अहो, तुम्ही तेवढंच करता, गप्प बसता.

रविवारी जायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेसातला निघालो. साडेनऊला वस्तीवर. हैबती सोयऱ्यांच्यात वेल्ह्याकडे गेलेला, उद्या येणार. घरी धोंडाबाई एकटीच. शेणाने हात भरलेले. धुऊन आली, घोंगडी टाकली, पाणी दिलं. चेहरा ओळखीचा वाटला नाही. त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

परत फिरावं असं वाटलं. पण मग पुन्हा येणं झालं नसतं. म्हणून तिलाच सांगितलं. सगळं. बेल्ट, क्लच, चावी. गाडी बिघडली नव्हती, मला चालवता आली नाही. शेळ्या गेल्यावर वेळ गेला तो माझ्यामुळे गेला. हैबतीला सांगा, त्याने मनातून काढून टाकावं आणि शेळ्या खालच्या रस्त्याने आणाव्यात.

ती ऐकत होती. पदराने हात पुसत राहिली. म्हणाली, "आसं हाय व्हय. म्हणून हे वरल्या वाटनं नेत्यात. म्या इचारलं तर म्हनले, वर पाला चांगला हाय."

मग म्हणाली, "तुमी दोगंबी गडीमान्सं येडी." आणि घोंगडीच्या कडेला बसून, "दादा, एक सांगू का? सांगावं का न्हाई ते मला कळंना."

सांगा म्हटलं.

तिने सांगितलं. मी उठलो, उतरलो, घरी आलो. गाडी कशी चालवली आठवत नाही. बेल्ट लावला होता.

आज लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन महिने झाले.

धोंडाबाई म्हणाली, "शेरडं आजून रस्त्यातच व्हती तवा म्या बाईंस्नी पानी पाजाया गेले. पानी आत गेलंच न्हाई. व्हटावरनं खाली आलं. मानंला हात लावला, तवा कळलं. तुमी मागं वळून कायतरी हुडकत व्हता. म्हनलं, कशाला सांगू. भोरापत्तुर तरी बाई नवऱ्यासंगं जिती म्हणून जाऊ द्या."

म्हणजे मी क्लच दाबायला लागलो त्याच्या आधीच. शेळ्या रस्त्यात होत्या, गाडी बंद होती, आणि मी मागच्या सीटवर बाटली शोधत होतो. ना माझी तीन मिनिटं, ना त्याच्या शेळ्या; भोर तेव्हा लांबच होतं.

आणि तिथून भोरपर्यंत मी बोलत होतो.

प्रेमला फोन करून सगळं सांगितलं, हैबतीचंही.  तो म्हणाला, अण्णा, रविवारी येतो.

संध्याकाळी डिकी उघडून तांदळाचं पोतं आत आणलं. शिवण उसवली. अर्धी वाटी तांदूळ निवडून, धुऊन, भात टाकला.